निवळलेले पाणी आणि अंदाजाचे माप

आषाढ लागला की नद्या, ओढे आणि विहिरी यांचे पाणी चहाच्या रंगाचे होते. गावाच्या टाकीत तेच येते आणि वसतिगृहाच्या टाकीतही तेच येते. मग कुणी तुरटीचा खडा घेऊन हंड्यात चार वेढे फिरवतो, कुणी टीसीएल पावडर मुठीने टाकीत सोडतो, आणि किती टाकली असे विचारले तर उत्तर मिळते, ‘अंदाजाने’. या एका शब्दाविरुद्ध मला या स्मरणिकेत लिहायचे आहे. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत गेली, आणि त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की पाणी निवळणे ही क्रिया मुळातच मापाची आहे. तुरटीच्या जोडीला आता जे पॉलिमर, म्हणजे बहुवारिके, वापरली जातात त्यांच्या बाबतीत तर माप वाढले की परिणाम चक्क उलटा होतो. निवासी शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कुणाला वाटेल. जिथे शेकडो मुले एकाच टाकीचे पाणी पितात, तिथे तो सर्वांत आधी यायला हवा, असे मला वाटते.

गढूळ पाणी भांड्यात ठेवले तर वाळू पाहता पाहता तळाशी बसते, पण रंग मात्र जात नाही. याचे कारण कणांच्या आकारात आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा मायक्रॉन व्यासाचा मातीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली उतरायला सुमारे तीन तास घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी जवळजवळ 13 दिवस लागतात, कारण व्यास दहापट कमी झाला की बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. एक दशांश मायक्रॉनच्या कणाचा हिशेब साडेतीन वर्षांवर जातो. प्रत्यक्षात तो कण कधी बसतच नाही, कारण पाण्याच्या रेणूंचे धक्के त्याला सतत इकडून तिकडे ढकलत राहतात. चिकणमातीचा मोठा अंश याच आकारांचा असतो.

हे कण एकमेकांना चिकटले असते तर प्रश्न मिटला असता. शंभर कणांचा पुंजका एकट्या कणापेक्षा कितीतरी वेगाने खाली जातो. पण मातीच्या कणांवर पाण्यात ऋण विद्युतभार असतो आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. जवळ आलेले दोन कण चिकटण्याआधीच वेगळे होतात. म्हणून ओढ्याचे पाणी दिवसेंदिवस गढूळ राहते.

तुरटी इथे दोन कामे करते. तिच्यातील ॲल्युमिनियमचा तिहेरी धनभार कणांचा ऋणभार मोडतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढुरका, जेलीसारखा साका तयार होऊन खाली जाताना कणांना आपल्यात अडकवून नेतो. या कामात तुरटी पाण्याची अल्कता खर्च करते. पावसाचे ताजे पाणी मऊ असते, त्यात अल्कता कमी असते. त्यामुळे भर पावसाळ्यात नुसती तुरटी वाढवत नेली तर पाणी आम्लधर्मी होते आणि साका नीट धरत नाही. अशा वेळी चुन्याची निवळी सोबत द्यावी लागते. अंदाजाने तुरटी टाकणाऱ्याला हे कळण्याचा मार्गच नसतो. पाणी स्वच्छ होत नाही म्हणून तो आणखी तुरटी टाकतो.

तुरटीने झालेले पुंजके, ज्यांना जलशुद्धीकरण केंद्रात ‘फ्लॉक’ म्हणतात, हलके आणि नाजूक असतात. नदीला पूर आला, गढूळता एकदम चढली आणि केंद्रावरून जाणाऱ्या पाण्याचा वेग वाढला की हे पुंजके तळाशी बसण्याआधीच गाळणीपर्यंत पोहोचतात आणि ती तुंबवतात. पॉलिमरचा उपयोग नेमका इथे होतो. तो कणांना चिकटतो, पण त्याची रीत तुरटीहून वेगळी आहे.

पॉलिमर म्हणजे एकाच घटकाच्या हजारो-लाखो कड्यांनी बनलेली लांब साखळी. पाणी निवळण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे पॉलिॲक्रिलामाइड घ्या. त्याच्या एका मोठ्या रेणूचा रेणुभार एक कोटीच्या घरात असतो आणि त्यात सुमारे एक लाख चाळीस हजार कड्या असतात. अशी एक साखळी सरळ ताणून धरता आली तर ती सुमारे 35 मायक्रॉन लांब भरेल. पाण्यात ती ताणलेली नसते, सैल गुंडाळ्यासारखी असते. तरीही तिचा पसारा मातीच्या बारीक कणाशी तुलना करण्याजोगा असतो. ही साखळी पाण्यात तरंगताना तिचा काही भाग एका कणाला चिकटतो आणि उरलेली शेपटे पाण्यात मोकळी हलत राहतात. तेवढ्यात दुसरा कण जवळून जातो, मोकळे शेपूट त्याला चिकटते, आणि दोन कणांमध्ये पूल तयार होतो. कणांमधील विद्युत-विरोध जेवढ्या अंतरावर प्रभावी असतो त्यापलीकडे ही शेपटे पोहोचतात, म्हणून कणांना एकमेकांना टेकण्याची गरजच पडत नाही. मातीचे कण पॉलिमरने कसे एकवटतात याचा विचार करताना रूरवाइन आणि वॉर्ड या दोन अमेरिकी संशोधकांनी 1952 मध्ये ही पुलाची कल्पना मांडली. पुढे कोलंबिया विद्यापीठातील ला मेर आणि त्यांचे सहकारी हीली यांनी तिला गणिताचे रूप दिले.

ला मेर यांच्या मांडणीतला एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. पूल होण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: एका कणावर मोकळे शेपूट हवे आणि दुसऱ्या कणावर ते चिकटायला रिकामी जागा हवी. पॉलिमर फारच कमी असेल तर शेपटे नाहीत. पॉलिमर फार झाला तर प्रत्येक कण साखळ्यांनी पूर्ण वेढला जातो, रिकामी जागा कुठेच उरत नाही, आणि मग दोन वेढलेले कण एकमेकांपासून दूरच राहतात. पुंजके सर्वांत चांगले होतात ते ढोबळमानाने निम्मा पृष्ठभाग झाकलेला असताना. त्याच्या पुढे टाकलेला प्रत्येक ग्रॅम पाणी पुन्हा गढूळ ठेवण्याच्या कामी लागतो, आणि हा गढूळपणा आधीपेक्षा हट्टी असतो. मीठ थोडे कमी-जास्त झाले तर आमटी बिघडते, पण निदान कुठल्या बाजूला बिघडली ते जिभेला कळते. इथे कमी पडले तरी पाणी गढूळ आणि जास्त झाले तरी गढूळ. नुसते पाहून काहीच कळत नाही.

माप किती सूक्ष्म असते याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. दहा हजार लिटरच्या टाकीला दर लिटरला एक दशांश मिलिग्रॅम या प्रमाणात पॉलिमर द्यायचा तर लागतो फक्त एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. पण त्या चिमटीत इतक्या साखळ्या असतात की टाकीतल्या प्रत्येक लिटरच्या वाट्याला सुमारे सहा लाख कोटी येतात. समजा त्या पाण्यात दर लिटरला शंभर मिलिग्रॅम माती आहे आणि तिचे सगळे कण एक मायक्रॉनचे आहेत. मग लिटरमागे कण होतात सात हजार कोटींच्या आसपास. म्हणजे प्रत्येक कणाला ऐंशीच्या वर साखळ्या मिळाल्या. आता तीच शंभर मिलिग्रॅम माती दुप्पट बारीक असेल तर तिचा एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो आणि पॉलिमरची गरजही त्या प्रमाणात वाढते. पहिल्या पावसाचे पाणी, ऐन पुराचे पाणी आणि भाद्रपदातले पाणी यांना एकच माप लावता येत नाही ते यामुळे. कालचे माप आज चालेल याची खात्री नसते. ते रोज काढावे लागते.

ज्यांना हे सारे परक्या प्रयोगशाळांतले वाटत असेल त्यांना मी बोरूच्या शाईची आठवण करून देईन. काजळी नुसत्या पाण्यात घोटली तर थोड्या वेळात तिच्या गुठळ्या होऊन खाली बसतात. त्यात बाभळीचा डिंक भरपूर घातला की काजळी महिनोन्महिने पाण्यात पसरलेली राहते आणि कागदावर एकसारखी उतरते. डिंक हाही पॉलिमरच आहे. शाई करणाऱ्याला कण वेगळे ठेवायचे होते, म्हणून तो डिंक सढळ हाताने घालत असे. प्रत्येक कणाभोवती डिंकाचे अंगरखे चढले की ते एकमेकांना चिकटत नाहीत. पाणी निवळणाऱ्याला याच्या नेमके उलट हवे असते, म्हणून त्याने हात आखडता ठेवायचा. एकाच जातीचा पदार्थ एका मापाला कण जोडतो आणि दुसऱ्या मापाला त्यांना दूर ठेवतो. रसायनशास्त्रात यापेक्षा चांगला धडा वर्गात शिकवायला मला तरी सुचत नाही.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात उकळत्या उसाच्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. काहिलीतली बारीक घाण त्यात गुरफटून मळीच्या रूपाने वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. भेंडीचा बुळबुळीतपणा हा लांब साखळ्यांच्या शर्करांचा, म्हणजे निसर्गाने केलेल्या पॉलिमरचा. गुळव्याने ला मेर यांचे नावही ऐकलेले नसते, पण किती घालायचे हे त्याला ठाऊक असते, कारण चुकले तर गुळाचा रंग लगेच सांगतो आणि बाजारात भाव पडतो. त्याचा अंदाज हा रोजच्या पडताळ्यातून तयार झालेला असतो. वसतिगृहाच्या टाकीवर मूठ सोडणाऱ्याच्या अंदाजाला असा कुठलाच पडताळा नसतो, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे. साखर कारखान्यांत चुना देऊन रस निवळताना शेवटी पॉलिमरच देतात, आणि तिथे मात्र त्याचे माप प्रयोगशाळा ठरवते.

आपल्या भाषेत ‘निवळणे’ हे क्रियापद आहे आणि निवळी नावाचे झाडही आहे. त्याची बी मडक्याच्या आतल्या बाजूला उगाळून त्यात पाणी भरण्याची रीत जुनी आहे. संस्कृतात या झाडाला कतक म्हणतात, आणि सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करण्याचे जे उपाय सांगितले आहेत त्यांत कतकाची गणना आहे. आपल्या वाचकांना परिचित असलेल्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन श्रद्धेचे लक्षण सांगताना पाणी निवळणाऱ्या मण्याचा दाखला देतात: हत्ती, घोडे आणि रथ यांनी ओढा गढूळ केला, राजाला पाणी हवे होते, मणी पाण्यात टाकला आणि चिखल खाली बसला. तो मणी कोणत्या पदार्थाचा, हा प्रश्न तिथे गैरलागू आहे. पण काहीतरी टाकल्यावर पाणी निवळते हा अनुभव ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा होता, एवढे त्यावरून दिसते. सुदानमध्ये नाईलच्या काठच्या स्त्रिया शेवग्याच्या बिया कुटून त्याच कामाला वापरत आल्या आहेत. जर्मन संशोधिका समिया अल अझरिया यान यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा कसून अभ्यास केला. शेवग्याच्या बीमधले प्रथिन धनभाराचे असते. त्याची साखळी पूल बांधण्याइतकी लांब नसते. ते मातीच्या ऋणभारित कणावर ठिगळासारखे बसते आणि एका कणाचे ठिगळ दुसऱ्या कणाच्या उघड्या भागाला ओढून घेते. परिणाम सारखा दिसला तरी आतली वाट निराळी असू शकते, हेही विद्यार्थ्याला कळलेले चांगले.

इथे दोन प्रकारच्या मंडळींशी माझा मतभेद आहे. एक म्हणतात, झाडपाल्याचे आहे तर निर्धोक आहे, किती का घाला ना. शेवग्याच्या बीने निवळलेल्या पाण्यात बियांतले सेंद्रिय द्रव्य उरते आणि ते पाणी दिवसापेक्षा जास्त ठेवले तर त्याला वास येऊ लागतो. निवळीचे झाड तर विषारी कुचल्याच्या वंशातले आहे. मुलांना रानातून ओळखीवाचून बिया गोळा करायला लावणे हा धाडसाचा नाही, अविचाराचा प्रकार होईल. दुसरे म्हणतात, रसायन म्हणजे विष, पाण्याला हात लावू नका. त्यांच्या शंकेत तथ्याचा अंश आहे आणि तो नीट सांगितला पाहिजे. पॉलिॲक्रिलामाइड ज्या सुट्या कडीपासून बनते ते ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे आणि कर्करोगाच्या संभाव्य कारणांतही त्याची गणना होते. लांब साखळी तशी नसते. पण साखळी तयार होताना काही सुट्या कड्या मागे उरतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील ॲक्रिलामाइडला लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. पॉलिमरमध्ये सुट्या कड्या 0.05 टक्क्यांहून कमी असतील आणि मात्रा लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असेल, तर ही मर्यादा पाळली जाते. म्हणजे इथेही प्रश्न येऊन थांबतो तो मापावर आणि मालाच्या प्रतीवर.

यावरून माझे मत असे की शाळेच्या किंवा लहान गावाच्या टाकीत पॉलिमर वापरू नये. ते काम प्रशिक्षित हात आणि प्रयोगशाळा असलेल्या केंद्राचे आहे. पॉलिमरची पूड पाण्यात नुसती टाकली तर पिठल्यात बेसन एकदम ओतल्यावर होतात तशा गुठळ्या होतात, बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या, आणि त्या कित्येक तास विरघळत नाहीत. ती ढवळत्या पाण्यात हळूहळू भुरभुरावी लागते. बरे, फार जोरात ढवळले तर लांब साखळ्याच तुटतात आणि झालेले पुंजकेही फुटतात. हे सगळे सांभाळणारा माणूस नेमणे शाळेला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. योग्य मापात दिलेली तुरटी शाळेच्या टाकीला पुरते.

ते माप काढायची रीत मात्र प्रत्येक निवासी शाळेत शिकवलीच पाहिजे. तिला जार टेस्ट म्हणतात. सहा सारखी काचपात्रे घ्यावीत आणि प्रत्येकात त्या दिवशीचे एक लिटर गढूळ पाणी भरावे. दहा ग्रॅम तुरटी विरघळवून एक लिटर द्रावण करावे. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम तुरटी येते. पहिल्या पात्रात एक मिलिलिटर, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत द्रावण घालावे. मिनिटभर जोराने ढवळावे, पुढे पंधरा-वीस मिनिटे अगदी सावकाश ढवळावे आणि अर्धा तास स्थिर ठेवावे. ज्या पात्रात सर्वांत कमी तुरटीत पाणी निवळले, ते त्या दिवसाचे माप. तिसरे पात्र निघाले तर दहा हजार लिटरच्या टाकीला तीनशे ग्रॅम. पाचव्या-सहाव्या पात्रात पाणी तिसऱ्यापेक्षा वाईट दिसले, तर ज्या गोष्टीवर मी एवढी पाने खर्च केली ती आठवीतली मुलगी तासाभरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहील. एकाही पात्रात पाणी नीट निवळले नाही, तर अल्कता कमी पडत असावी असे समजून चुन्याची निवळी देऊन प्रयोग पुन्हा करावा.

निवळलेले पाणी हे सुरक्षित पाणी असतेच असे मात्र नाही, आणि याबाबतीत शिकलेली माणसेही फसतात. पुंजक्यांबरोबर पुष्कळ जिवाणू खाली जातात, सगळे जात नाहीत. उरलेल्यांसाठी क्लोरीन लागतो, आणि क्लोरीनला आधी निवळलेले पाणीच लागते, कारण मातीच्या कणांच्या आडोशाला जिवाणू क्लोरीनपासून वाचतात आणि पाण्यातील सेंद्रिय गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. गढूळ पाण्यावर टीसीएल सोडणे हा म्हणूनच बहुतांशी व्यर्थ खर्च आहे. क्रम असा हवा: आधी निवळणे, मग वरचे पाणी वेगळे घेणे, मग टीसीएल, मग निदान अर्धा तास थांबणे. भारतीय मानक 10500 च्या 2012 च्या आवृत्तीत पिण्याच्या पाण्याची गढूळता एक एनटीयूच्या आत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर पाचपर्यंत चालावी, आणि मोकळा क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावा, असे सांगितले आहे. गावोगावचे जलसुरक्षक ओटी चाचणीने पिवळा रंग पाहून क्लोरीन तपासतात. ती चाचणी दोन मिनिटांची आहे. ती टाकीवर करून थांबू नये, शेवटच्या नळावरही करावी.

हे सगळे विज्ञानाच्या एका तासात शिकवून फळा पुसण्याचा विषय नाही. जून ते सप्टेंबर या काळात रोज सकाळी दोन विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली जार टेस्ट करावी आणि तारीख, पाऊस, निघालेले माप व नळावरचा क्लोरीन यांची नोंद स्वयंपाकघराजवळ लावलेल्या तक्त्यावर करावी. पालक भेटीला आले की त्यांनी मुलाच्या गुणपत्रिकेसोबत हा तक्ताही मागून पाहावा. तळाशी साचलेल्या गाळाचीही व्यवस्था हवी, नाहीतर नवे पाणी सोडताना तो ढवळून पुन्हा वर येतो. टाकीच्या तळाला गाळ काढण्याची वेगळी तोटी नसेल तर ती जूनच्या आधी बसवून घ्यावी. माजी विद्यार्थ्यांनी यंदाच्या देणगीच्या यादीत ती तोटी, एक-एक लिटरची सहा काचपात्रे, एक ग्रॅमपर्यंत अचूक तोलणारा वजनकाटा आणि मिलिलिटरच्या खुणांची नळी एवढ्या वस्तू घालाव्यात, असे मी सुचवतो.